सिद्धोधन सरांचा देवमासा

गंगाखेडकडच्या आमच्या शाळेत शिक्षक दोनच, सिद्धोधन सर आणि मी. सरांनी समुद्र कधी पाहिलेला नाही. पण शिकवायला लागले की अंगात आल्यासारखं करतात. दिवाळीआधी त्यांनी हंपबॅक देवमासा काढला. फळ्यावर नाही, अंगणात! बैलाच्या कासऱ्यानं पन्नास फूट मोजले आणि पांढऱ्या फक्कीनं मासा आखला. शेपूट थेट माझ्या वर्गाच्या दारात. पोरं त्यावरून उड्या मारत आत यायची आणि मी चरफडत फक्की झाडायची.

पण सांगावं सरांनीच. हा मासा उन्हाळाभर बर्फाळ पाण्यात पोटभर खातो आणि थंडीत हजारो किलोमीटर पोहत गरम समुद्रात जातो. पिल्लं तिथं होतात. आई तिथं महिनोन्महिने जवळपास उपाशीच असते, तरी पिल्लाला दूध पाजते. मग एवढी मोठी परतीची वाट पिल्लू तिच्या कुशीला चिकटून पोहतं.

"मायला सोडून ऱ्हात न्हाई बघा ते," सर म्हणाले. चौथीतल्या अर्पितानं लगेच माशाच्या कुशीत एक पिल्लू आखलं.

अर्पिताचे आईबाप दरवर्षी सहा महिने ऊसतोडीला जातात. तीही जाते आणि परतते तेव्हा वाचायला विसरलेली असते. यंदा सरांनी आठ दिवस तिच्या घरी खेटे घातले. शेवटी आई, बबिता, कबूल झाली. पोरगी आजीजवळ, दगडाबाईजवळ राहणार. सरांनी मला पेढा दिला.

निघायच्या सकाळी आम्ही दोघं गेलो. ट्रॉलीत भांडी, सरपण, एक शेळी आणि सगळ्यांच्या वर अर्पिता.

"खाली उतर, बाळा," सर म्हणाले.

"न्हाई सर. पिल्लू मायला सोडून ऱ्हात न्हाई. तुमीच सांगितलं की."

"अगं, ते लहान असतंय तवर. वरीसभरानं तेबी सुटतंय!"

"हे न्हाई सांगितलं तुमी."

खरंच नव्हतं सांगितलं. सरांनी बबिताकडं पाहिलं.

"लय समजावलं, सर. कालधरनं जेवली न्हाई ती," बबिता म्हणाली आणि तोंड फिरवलं.

ट्रॉली हलली. सर चार पावलं तिच्यामागं पळाले आणि थांबले. मला सरांचा भयंकर राग आला. मग रडूच आलं.

शाळेत येऊन सरांनी बादलीनं अंगणात पाणी मारलं. पिल्लावर मारताना त्यांचा हात थांबला, पण तेही धुतलं.

"पुढल्या वर्षी हा धडा तुमी घ्या, मॅडम," ते म्हणाले. "पिल्लू सुटतंय, हे आधी सांगा."