मावशीच्या नावाने आलेला फोन

सिनेमावाल्यांचे चेहरे रंगवण्यात मावशीची उभी हयात गेली. नोकरी कुठेच नाही. फोन आला की पेटी उचलायची नि निघायचं. हात हलका, जीभ मात्र जहाल. मोठ्यातल्या मोठ्या नटाचाही ती मुलाहिजा ठेवत नसे.

एका सकाळी तिच्या दारावर धडाधड थापा पडल्या. बाहेर एक अनोळखी बाई, शूटिंगला केशभूषा करणारी. प्रवासाने पार शिणलेली.

"कुठंय तुझा तो निर्माता?" ती कडाडली. "परगावी मोठं काम आहे असं फोनवर म्हणालीस. तिकीट काढायला लावलंस, वर शूटिंगच्या परवान्याचे म्हणून पैसे भरून घेतलेस. तिथं काळं कुत्रंही नव्हतं!"

"मी? अगं, मी तुला आज पहिल्यांदा बघतेय!"

"नाव तुझं, फोनवरचा फोटो तुझा. स्टुडिओत पत्ता विचारत आलेय मी. आता हात झटकतेस?"

शेजारची दारं उघडली. मावशीची जाऊ समोरच राहायची. ती फणकारली, "काही केल्याशिवाय लोक असे घरावर चालून येतात होय?"

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लाव तो नंबर. माझ्यासमोर लाव."

पलीकडून मधाळ आवाज आला, "बोल बाळा, मेकअपवाली मावशी बोलतेय."

मावशीने जन्मात कुणाला बाळा म्हटलं नव्हतं. "अगं भवाने, मावशी मी आहे!"

पलीकडची बाई हसली. "असं? मग दाखव सिद्ध करून." फोन बंद.

केशभूषावाली पायरीवर बसली. माफी मात्र तिने मागितली नाही. "तू नसशील. पण मी बुडाले ते तुझ्या नावापायीच."

दोघी पोलिसांकडे गेल्या. हवालदार म्हणाला, "नाव तुमचं, फोटो तुमचा, मग तक्रार कुणाविरुद्ध?" तक्रार लिहून घेईपर्यंत मावशी बाकावरून हलली नाही. तो नंबर बंद झाला, आणि आठवड्यात दुसऱ्या नंबरवरून ती तोतया मावशी पुन्हा कामं वाटू लागली.

खऱ्या मावशीचा फोन आता कुणी उचलेना. शेवटी ती पेटी घेऊन एकेका स्टुडिओच्या फाटकावर जाऊन उभी राहू लागली. "नीट बघून घ्या, हीच मी," असं दरडावून सांगायची. कुणी आत घेतलं, कुणी नाही. निम्मीअर्धी कामं परत मिळाली.

एका स्टुडिओत केशभूषावालीच भेटली. एकाच नटीच्या डोक्यापाशी एक, तोंडापाशी दुसरी. दिवसभर दोघी शब्दानं बोलल्या नाहीत.