मराठी एक, इंग्रजी नऊ

ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मी नोकरीला लागले, तेव्हा फ्लॉपीचे दिवस होते. वर पत्र्याचं छप्पर, पण मशीनसाठी एसी! मे महिन्यात आम्ही कामं उकरून काढून आत बसायचो. काय मस्त दिवस होते ते! आणि माझा तोरा तर विचारूच नका. वर्तकनगरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये कॉम्प्युटर कळणारी मी एकटीच.

खाडीकाठच्या कोळीवाड्यातले एक निवृत्त मास्तर तेव्हा आमच्या दुकानात यायचे. आईच्या तोंडचे कोळी शब्द त्यांनी वर्षानुवर्षं वह्यांत टिपलेले. माशांचे, वाऱ्यांचे, खाडीतल्या चिखलाचे. मग ते सगळे एकेक करून कॉम्प्युटरवर चढवले. बॅकअप घ्यायला त्यांच्या घरी मीच गेलेले. "पहिल्या फ्लॉपीचा श्रीगणेशा तुम्ही करा, मास्तर," म्हणून नंबर घालायला पेन त्यांच्या हातात दिलं. पुढच्या आठांवर मी आकडे घातले. वर शहाणपणा शिकवला, "आता कशाला सांभाळताय त्या वह्या? द्या रद्दीत." त्यांनी दिल्या.

वर्षभरात त्यांची आई गेली आणि पाठोपाठ कॉम्प्युटरची हार्ड डिस्क. मास्तर फ्लॉप्या रुमालात बांधून घेऊन आले. "बाय, आई आता यात आहे तेवढीच," म्हणाले आणि बाकावर बसले.

"अहो, मी आहे ना!" मी म्हटलं. फ्लॉप्या ओळीनं लावायला घेतल्या तर दोन फ्लॉप्यांवर नऊचा आकडा. फ्लॉप्यांची तेव्हा कोण टंचाई! एक जास्तीची दिसतेय, कामाला येईल, म्हणून मी ती लगेच फॉरमॅट करून टाकली. मग मशीननं पहिली फ्लॉपी मागितली. शोधते तर एक नंबर कुठेच नाही. पुसलेल्या फ्लॉपीकडे नीट बघितलं. अगं बाई! मास्तरांनी एक मराठीत काढलेला आणि बाकी सगळे आकडे माझे, इंग्रजी. मराठी एक मी इंग्रजी नऊ वाचलेला.

खरं सांगायला तोंड उघडलं आणि भलतंच बोलले. "एक खराब निघाली, मास्तर. ओल लागली असेल."

दोन दिवस डोकं फोडून उरलेल्या आठांतून मिळतील तेवढे शब्द जोडून काढले. मास्तरांनी छापलेल्या कागदांवरून बोट फिरवलं. "सुरुवातीचे नाहीत," ते म्हणाले. "आई ठणठणीत होती तेव्हाचे. पुढे पुढे ती विसरायला लागलेली, तेच तेच सांगायची." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू कशाला रडतेस, बाय? आमच्या घरात ओल फार. मीच नीट ठेवल्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी ते माझ्यासाठी डबा घेऊन आले. जिताड्याचं कालवण होतं. समोर बसून, "खा, खा, दोन दिवस धड जेवलीसुद्धा नसशील," म्हणत राहिले. मी डबा संपवला आणि त्यांना काही सांगितलं नाही.