कात्रीबाईंची वाटणी

बससेवेच्या मुख्य कचेरीत त्यांना सगळे पाठीमागे 'कात्रीबाई' म्हणत. नियोजन विभागात सव्वीस वर्षं लोकांच्या मागण्या छाटल्यावर कुणी 'साखरबाई' थोडंच म्हणणार!

पण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामांपुढे बाईंची कात्री कधी चाललीच नव्हती. संस्थेत अशी पाच कामं सुरू होती आणि त्यांना भांडवल वाटून द्यायचं काम बाईंचं. कुणाचं मन मोडायला नको म्हणून त्या सगळ्यांना थोडं थोडं देत. मोठा वाटा मात्र फोनवर प्रवाशांशी बोलणाऱ्या संगणकी मदतनीसाला, कारण तो मोठ्या साहेबांचा लाडका. त्याला बस कुठे आहे विचारलं की तो तिकिटाचे नियम ऐकवी. तीन वर्षं हेच चाललं होतं.

यंदा भांडवल निम्म्यावर आलं. आता थोडं थोडं वाटलं तर एकही काम तडीला जाणार नव्हतं. बाई पाचही ठिकाणी स्वतः जाऊन बसल्या. शेवटी गेल्या कार्यशाळेत. तिथला फोरमन अंगाने पहिलवान, पण बोलायला कंजूष. तो त्यांना थेट बसखालच्या खड्ड्यात घेऊन उतरला. बारा बसच्या चाकांजवळ त्याने आवाज टिपणारी छोटी यंत्रं बसवली होती. ब्रेक झिजू लागला की आवाज बदलतो, आणि तो बदल ओळखायला संगणक शिकला होता.

"किती वेळा बरोबर निघालं?" बाईंनी विचारलं.

फोरमनने तेलकट वही पुढे केली. "एकोणीस इशारे आले. सोळा खरे, तीन उगाच. दोन झिजलेले ब्रेक त्याला कळलेच नाहीत. तेही लिहिलेत."

बाकी चार ठिकाणी चुकांचं नावही कुणी काढलं नव्हतं. बाईंनी वही शेवटच्या पानापर्यंत वाचली.

त्यांनी वाटणी नव्याने मांडली. सगळ्यात मोठा वाटा ब्रेकच्या कामाला, पण तोही टप्प्याने: आधी एका आगारातल्या साठ बस, मग सहा महिन्यांनी निकाल बघून पुढचे पैसे. दोन कामं लहान केली, एक पुढच्या वर्षावर ढकललं. बोलणारा मदतनीस बंद.

बैठकीच्या दिवशी सकाळी त्यांना घास उतरेना.

"साहेब काय खाणार आहेत का तुला?" नवऱ्याने विचारलं.

"खाणार नाहीत रे. पण तीन वर्षं वाटणीच्या कागदावर माझीच सही आहे. आधी का नाही बोललात म्हणाले तर?"

"तर खरं काय ते सांगून टाक."

आणि बैठकीत, पाचही कामांच्या माणसांसमोर, साहेबांनी नेमकं तेच विचारलं. "तीन वर्षं गप्प का होतात, बाई?"

बाईंनी खरं ते सांगून टाकलं. "भीती वाटली, साहेब. ते तुमचं आवडतं काम."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझं आवडतं? अहो, दरवर्षी तुम्हीच त्याला सगळ्यात मोठा वाटा द्यायचात. मी म्हणायचो, कात्रीबाईंनी दिलाय म्हणजे काहीतरी दम असणार! गेल्या आठवड्यात माझ्या सासूबाईंनी त्याला बसची वेळ विचारली, तर त्याने हरवलेल्या सामानाचा अर्ज पाठवला. आठवडाभर बोलणी खातोय मी."

आधी फोरमन हसला, मग सगळी खोली. साहेबांच्या तोंडून आपलं टोपणनाव ऐकून बाईही लाजत हसल्या.

हसत नव्हती फक्त मदतनीसाचं काम सांभाळणारी मुलगी. "आमचं चौघांचं काय?" तिने हळूच विचारलं.

बाई काही बोलायच्या आत फोरमन म्हणाला, "संगणकाला आवाज शिकवणारी माणसं मला हवीच आहेत. सोमवारी या. कपडे जुने घाला."

त्या मुलीने इतका मोठा श्वास सोडला की शेजारच्याचे कागद हलले.

कागदावर सही झाली. बाईंनी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची रजा टाकली, घरी जाऊन पोटभर जेवल्या आणि संध्याकाळपर्यंत गाढ झोपल्या.