माझं वेगळं लिहा

माझी धाकटी जाऊ मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लोक म्हणतील, घरच्या माणसासाठी केलं. सहा वर्षं आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो. शुक्रवार पेठेत एकाच बोळात दोघींची घरं, तरी समोरून आली की मी भिंतीकडं बघायची आणि ती आभाळाकडं.

कारण माझ्या पोरीचं लग्न. पोरगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, मोहोळचं स्थळ चालून आलं, आम्ही हो म्हटलं. तर ही बाई भर मांडवात, व्याह्यांच्या देखत म्हणाली, "पोरगी शिकायचं म्हणत होती की. तुला एवढी कसली घाई?" मी तिला नाही नाही ते बोलले. तिचं म्हणणं खोटं असतं तर महिन्याभरात विसरले असते.

आम्ही दोघी एकाच पक्षाच्या. वीस वर्षं मी सभेला बायका नेल्या, कार्यकर्त्यांना कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊ घातली. जाऊ भाकरी करत नाही, भांडते. नळाला पाणी आलं नाही की पाणी सोडणाऱ्या माणसाच्या दारात जाऊन बसते. रेशनच्या मशीनवर कुणा म्हातारीचा अंगठा उमटला नाही तर तिचा हात धरून तहसील कचेरी गाठते. बोलायला फटकळ, पण काम अर्धं सोडून घरी आलेली मी तिला पाहिलेली नाही.

यंदा महापालिकेला आमच्या प्रभागातली जागा बायकांसाठी सुटली. जावेनं तिकीट मागितलं. मालकांनीही आपल्या बायकोसाठी मागितलं. मालक म्हणजे आमच्या भागातले पुढारी. सोलापुरात पुढाऱ्याला मालक म्हणतात, तो पगार देत नसला तरी. त्यांची बायको, आमच्या वैनीसाहेब, स्वभावानं गरीब. पण प्रभाग कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो असं विचारलं, तर त्या आधी मालकांच्या तोंडाकडं बघतील. पक्षाचे निरीक्षक पुण्याहून येणार आणि जुन्या कार्यकर्त्यांना एकेक करून बंद खोलीत पसंती विचारणार, असं ठरलं.

खरं तर मला विचार करायचं कारणच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी भर दुपारी आमच्या ह्यांच्या छातीत कळ आली, तेव्हा मालकांनी स्वतः गाडी काढली. दवाखान्यात दिवस मावळेपर्यंत बाकावर बसून राहिले. हे आज चालतेबोलते आहेत ते त्यामुळं. घरी ह्यांनी मला एवढंच सांगितलं, "खाल्ल्या मिठाला जागायचं." मी मान डोलावली आणि भाकरी थापत बसले. पण प्रत्येक भाकरीला वाटायचं, मीठ मी खाल्लं, प्रभागानं कुठं खाल्लंय?

निरीक्षक यायच्या आदल्या दिवशी मालकांनी आम्हा बायकांना बोळाच्या तोंडाशी असलेल्या खंडोबाच्या देवळात बोलावलं. ताटात बेल-भंडारा ठेवलेला. एकेकीनं भंडारा उचलायचा आणि म्हणायचं, "माझी पसंती वैनीसाहेबांना." देवाची शपथ म्हटल्यावर कोण मोडणार? ताट माझ्यापुढं आलं आणि माझा हात आपोआप गेला. लहानपणापासूनची सवय. भंडारा दिसला की चिमूट घ्यायची, कपाळाला लावायची. लावलीही. बोलले मात्र काही नाही. तेवढ्यात ताट पुढं सरकलं, आणि मालकांच्या माणसानं वहीत माझ्या नावापुढं टिक केली.

त्याचा मला राग आला. मालक घरी मत मागायला आले असते तर कदाचित दिलंही असतं. देवाला मधे घालून गुरासारखं दावणीला बांधायला मी काही त्यांच्या गोठ्यातली नव्हते.

दुसऱ्या दिवशी पक्षाच्या कचेरीत गेले. मालक दारातच उभे. आत जायच्या आधीच मी त्यांना सांगितलं, "मालक, काल भंडारा देवाचा म्हणून लावला. तुमचं वाक्य मी बोलले न्हाय."

मालक हसले. मग हळूच म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी गाडी काढली नसती तर?"

मी म्हटलं, "काढली म्हणून माझं कुंकू हाय. रोज लावताना तुमची आठवण काढते, मरेपर्यंत काढीन. पण हितं मी मत सांगायला आलेय, उपकार फेडायला न्हाय. तुमाला कदी रगत लागलं तर बोलवा, पळत येते."

आत निरीक्षकांनी वर न बघताच विचारलं, "वैनीसाहेबच ना? सगळ्यांनी तेच सांगितलंय."

"न्हाय," म्हटलं, आणि जावेचं नाव घेतलं. सहा वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या तोंडातून आलं.

"तुमच्या एकटीनं काय फरक पडणार?"

"न पडू दे. माझं वेगळं लिहा." ते लिहीपर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही.

तिकीट वैनीसाहेबांनाच मिळालं. ह्यांनी चार दिवस माझ्याशी अबोला धरला. पाचव्या दिवशी म्हणाले, "आता परत कळ आली तर कुणाची गाडी बोलवायची?" मी म्हटलं, "रिक्षा हाय की. आणि मी हाय." भीती मलाही वाटत होती, अजूनही वाटते. पण त्या भीतीपायी तोंड शिवून बसणार नव्हते.

जाऊ अजून आभाळाकडंच बघते. मी मात्र आता भिंतीकडं बघत नाही.

मोहोळहून पोरीचा फोन आला. "आई, काकूचं नाव दिलंस म्हणं?"

"व्हय, दिलं." मला वाटलं, आता ही शाबासकी देणार.

ती म्हणाली, "मांडवातच काकूच्या बाजूनं बोलली असतीस तर..."

नातीचा आवाज मागून येत होता, एक, दोन, तीन म्हणत होती. मी म्हटलं, "हिचं शिक्षण बंद करा म्हणून तुझ्या घरात कुणी बसलं बोलायला, की मला फोन कर. पुढच्या एसटीनं येते."