चारुलताबाईंकडची रिकामी भांडी

आमच्या जुईनगरच्या सोसायटीत चारुलता आठल्ये यांच्याकडून आलेली वाटी परत करणे सोपे असते. त्यांच्याकडे आपली वाटी गेली, तर ती परत मिळण्यास मात्र विलंब लागतो. वाटी हरवत नाही. तीत घालून द्यावे असे काहीतरी घरात तयार होईपर्यंत ती त्यांच्या ओट्यावर वाट पाहते. एकदा माझ्या पत्नीचा डबा त्यांच्याकडे बराच काळ राहिला आणि अखेर आला तेव्हा त्यात फक्त कढीलिंबाच्या दोन काड्या होत्या. "नाना, आज घरात दुसरं काही नव्हतं," असे त्या दारातच म्हणाल्या, "पण रिकामा कसा पाठवू?"

ही त्यांची केवळ शेजारधर्माची रीत नव्हती. साखरेच्या डब्याच्या तळाशी त्या मूठभर साखर नेहमी शिल्लक ठेवीत आणि नवी साखर तिच्यावर ओतीत. नवी पर्स विकत घेतली, तर दुकानाची पायरी उतरण्याआधी तीत सुपारी पडे. गॅसचे रिकामे सिलिंडर न्यायला येणाऱ्या माणसाच्या हातावर त्या लवंग ठेवीत. तो ती जिना उतरता उतरता चघळत जाई आणि बहुधा त्यामुळेच आमच्या जिन्यात त्यांचे सिलिंडर सर्वांच्या आधी येत असे.

गिरगावातून नवी मुंबईत राहायला येण्यापूर्वी चारुलताबाई फोर्टमधल्या एका कचेरीत मराठी टंकलेखिका होत्या. इकडे आल्यावर त्यांनी नोकरी सोडली. त्यांचे यजमान सुभाषराव जवळच्या पावणे गावातल्या एका कारखान्यात देखभाल विभागात होते. मुलगा अभिराम संगणकाचे शिक्षण घेऊन पुण्यास नोकरीला गेला आणि जाताना आपला संगणक घरीच ठेवून गेला. "आई, याला हात लावू नकोस हं," असे त्याने बजावले होते. दुपारी जरा पडत जा, हा सल्ला चारुलताबाई जितक्या गांभीर्याने घेत, तितक्याच गांभीर्याने त्यांनी हाही घेतला. थोड्याच दिवसांत त्यांना असा शोध लागला, की त्या यंत्रात मराठी अक्षरे असून ती त्यांच्या जुन्या टंकयंत्राप्रमाणेच बोटांखाली येतात. मग सोसायटीच्या सूचना, हळदीकुंकवाची आमंत्रणे आणि ओळखीपाळखीच्या लग्नपत्रिका तिथे तयार होऊ लागल्या. पडद्यावर पहिल्यांदा "श्री" उमटले, तेव्हा त्यांनी आम्हा उभयतांना मुद्दाम बोलावून दाखवले होते.

नव्वदीच्या उत्तरार्धातल्या एका दसऱ्याची ही गोष्ट आहे. त्या वर्षी चारुलताबाईंच्या संगणकात राजलक्ष्मीचे लग्न होते. राजलक्ष्मी ही रंगूबाईंची मुलगी. रंगूबाई आमच्या सोसायटीत दोन घरी पोळ्या करीत, त्यांचे यजमान जोतीराम तुर्भ्याच्या बाजारात माथाडी होते, गाव साताऱ्याकडचे. पत्रिकेत भाऊबंदांची नावे कोणत्या क्रमाने यावीत, हा त्या घरातला मोठा नाजूक प्रश्न होता. रंगूबाईंनी आपल्या थोरल्या जावेला मुद्दाम बरोबर आणले होते. त्या दोघी बोलत गेल्या, मध्येच भांडल्या, पुन्हा एकमतावर आल्या, आणि चारुलताबाई नावे वरखाली करीत गेल्या. कोणाचा चुलता आधी आणि कोणाचा मामा नंतर, हे अखेर ठरले ते पडद्यावरच. कागदावर त्यातले काहीही नव्हते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती पत्रिका छापखान्यात जायची होती. योजना अशी, की सुभाषरावांनी दुपारच्या पाळीला जाताना मजकूर पावण्याच्या छापखान्यात द्यायचा, छापखानेवाल्याने लगोलग छापून ठेवायचे, आणि भाजी उतरवून साताऱ्यास परतणाऱ्या गाडीतून जोतीरामांनी संध्याकाळी पत्रिका घेऊन निघायचे. गावच्या भाऊबंदांना पत्रिका हातात द्यावी लागते. टपालाने आलेली पत्रिका म्हणजे अपमान. जोतीरामांच्या टोळीने त्यांना तेवढीच सुट्टी दिली होती, आणि दिवाळीचा माल सुरू झाल्यावर ती पुन्हा मिळण्याचा संभव नव्हता.

दसऱ्याला आपट्याची पाने द्यायला मी त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा त्यांची यंत्रपूजा मांडलेली पाहिली. शिवणयंत्र, मिक्सर, सुभाषरावांची हत्यारांची पेटी आणि त्यांच्या मध्यभागी संगणक. पडद्याच्या काचेवर कुंकवाचे बोट, कळफलकावर आपट्याची पाने, आणि शेजारच्या उभ्या पेटीवरून खाली सोडलेला झेंडूचा असा भरगच्च हार, की पेटीची दर्शनी बाजू झाकून केवळ सुरू करण्याचे बटण फुलांतून डोकावत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा होतो न होतो तोच त्यांच्या दारातून हाक आली, "नाना, जरा येता का? हे सुरूच होत नाहीये."

मी गेलो. पडदा काळा होता आणि त्यावर इंग्रजीत दोन ओळी होत्या. त्यांचा अर्थ एवढाच, की ही डिस्क यंत्र सुरू करणारी नाही किंवा तीत दोष आहे. ती बदला आणि कोणतीही कळ दाबा. सुभाषराव बनियन आणि लेंग्यावर, हातात टेस्टर घेऊन, टेबलाच्या मागे उकिडवे बसले होते.

"मी म्हटलं नव्हतं, मिक्सर आणि हे एका बोर्डावर लावू नकोस?" ते टेबलामागून म्हणाले.

"मिक्सर चालतोय ना? मग बोर्डाचं काय बिघडलंय?"

"मिक्सरला डोकं नसतं. याला असतं. व्होल्टेज कमीजास्त झालं की डोक्यावर परिणाम होतो."

"काल तुम्ही दिवसभर टीव्ही बघितलात, तुमच्यावर नाही झाला तो."

सुभाषरावांनी प्लग बदलला, तारा काढून पुन्हा बसवल्या, स्टॅबिलायझरच्या पाठीवर थाप मारली. प्रत्येक खेपेस यंत्र सुरू होई, घुमे, आणि त्याच दोन ओळी दाखवी. कोणतीही कळ दाबा, असे सांगितलेले असल्याने सुभाषरावांनी एका टोकापासून आरंभ करून कळफलकावरची प्रत्येक कळ क्रमाने दाबली. त्या शिस्तीचे मला कौतुक वाटले. यंत्राला वाटले नाही. शेवटी ते म्हणाले, "हा हार काढ. पुढची बाजू उघडून बघतो."

"हाराला हात लावायचा नाही. तुमची आंघोळ झालेली नाही."

"मग तू काढ."

"माझी देवपूजा व्हायची आहे अजून. निर्माल्य त्यानंतर निघतं. मागनंच काय ते बघा."

अशा रीतीने आठल्ये यांच्या घरातील संगणकाची सर्व दुरुस्ती त्या सकाळी मागच्या बाजूने चालली.

मग पुण्याला फोन झाला. अभिराम कचेरीत होता आणि घाईत होता. पडद्यावरच्या ओळी आईने वाचून दाखवताच त्याने निदान केले. त्याचा आवाज एवढा मोठा होता, की तो मलाही ऐकू येत होता.

"हार्ड डिस्क गेली, आई. कशालाही हात लावू नका. मी रविवारी येतो, फॉरमॅट मारू."

"म्हणजे काय करणार?"

"सगळं पुसून नव्यानं टाकायचं."

"पुसून? अरे, राजलक्ष्मीचं लग्न आहे त्यात."

"लग्न नाही आई, फाइल आहे."

"तुझ्यासाठी फाइल," असे म्हणून चारुलताबाईंनी फोन ठेवला आणि त्या खुर्चीत बसल्या. एरवी बोलताना त्यांचे हात कधी रिकामे नसत. त्या वेळी ते मांडीवर नुसते पडले होते.

तेवढ्यात पोळ्यांसाठी रंगूबाई आल्या. "वैनी, झाली का पत्रिका? ह्यांनी गाडीवाल्याला सांगून ठेवलंय, संध्याकाळी निघायचं म्हनून."

चारुलताबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितले, "रंगूबाई, मशीन चालत नाहीये. पत्रिका आत अडकली आहे. अभिराम म्हणतो, सगळं पुसलं जाईल."

रंगूबाईंनी पदराने कपाळ टिपले आणि संगणकाकडे रोखून पाहिले. "कालच न्हवं का हळदीकुकू वाहिलं ह्याला? मग रुसायला काय झालं?"

"नावं पुन्हा सांगाल का? मी हातानं लिहून देते छापखान्यात."

"नावं सांगीन की. पर कोन कुनाच्या म्होरं, ते थोरल्या जावंनं सांगितलं हुतं, आन ती गेली गावाला. येक नाव खाली गेलं तर मांडवात कोन पाऊल टाकायचं न्हाई. पोरीच्या लग्नात तोंडं फिरवून बसत्याली." एवढे बोलून त्या पोळ्या करायला आत गेल्या, परंतु त्या दिवशी लाटण्याचा आवाज फार संथ येत होता.

मला यंत्रातले काही कळत नाही. परंतु कोणतेही काम बिघडले, की ते सुरळीत असताना कसे होत होते, हे आधी पाहावे, अशी माझी सवय आहे. मी चारुलताबाईंना म्हणालो, "रोज हे सुरू होते तेव्हा काय काय होते, ते क्रमाने सांगा."

त्यांनी डोळे मिटले. ज्या बाई शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकून डाळ शिजली की नाही ते सांगत, त्यांना हा प्रश्न अवघड नव्हता. "आधी पंखा घुमतो. मग एक बारीक शिट्टी. मग इथे, पुढच्या बाजूला, एकदाच खर्र होतं, घसा खाकरल्यासारखं. मग ते गप्प होतं आणि आतून टिकटिक सुरू होते. मग ढगांचं चित्र येतं."

"आता बंद करून पुन्हा लावा. बोलू नका कोणी."

त्यांनी बटण दाबले. सुभाषराव टेबलामागे टेस्टर धरून स्तब्ध राहिले. आतले लाटणेही थांबले. पंखा घुमला. शिट्टी झाली. मग हाराच्या आडून खर्र असा आवाज आला. पण तो थांबला नाही. खर्र, खर्र, खर्र, असा तो बराच वेळ चालत राहिला, आणि मग त्याच दोन ओळी आल्या.

"आज हे खाकरत नाहीये," चारुलताबाई हळूच म्हणाल्या. "आज हे काहीतरी चघळतंय."

आणि एकदम त्यांनी पदर तोंडाला लावला.

"काय झालं?" सुभाषरावांनी विचारले.

त्या तडक उठल्या. देवापुढे जाऊन त्यांनी निरांजन लावले, फूल वाहिले, नमस्कार केला. मी पाहिलेली ती त्यांची सर्वांत लहान देवपूजा. मग येऊन त्यांनी संगणकालाही हात जोडले आणि झेंडूचा हार उतरवला. मजकूर साठवण्याची फ्लॉपी घालायची फट उघडी पडली. तिच्याखालचे लहान बटण बाहेर आलेले होते. त्यांनी ते दाबले, आणि एक कोरी करकरीत फ्लॉपी बाहेर आली. तिच्या कोपऱ्यावर कुंकवाचे बोट होते.

सुभाषराव टेबलामागून उभे राहिले. "हे काय?"

"काल सणाचा दिवस," चारुलताबाई म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हते. "शिवणयंत्रात नवं रीळ घातलं होतं. मिक्सरच्या भांड्यात चार दाणे साखर. तुमच्या पेटीतसुद्धा सुपारी आहे, बघा हवी तर. याचंच तेवढं तोंड रिकामं दिसत होतं. म्हटलं, एक कोरी फ्लॉपी देऊ. सकाळी हाराखाली दिसलीच नाही, मग आठवण कशी राहणार?"

सुभाषरावांनी ती फ्लॉपी हातात घेऊन उलटसुलट केली. "आणि ते बिचारं सकाळपासून या कोऱ्या फ्लॉपीत विंडोज शोधतंय."

ते खरेच होते. सुरू होताना ते यंत्र प्रथम या फटीत पाहत असे. तिथे काही सापडले, की त्यातूनच सुरू होण्याचा हट्ट धरी आणि पोटातल्या डिस्ककडे वळतच नसे. चारुलताबाईंनी एक कळ दाबली. एकदा घसा खाकरल्याचा आवाज आला, टिकटिक सुरू झाली, आणि ढगांचे चित्र आले. रंगूबाई पिठाच्या हातांनी दारात उभ्या होत्या. पडद्यावर पत्रिका उघडली, तेव्हा त्यांना वाचता येत नसूनही त्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि विचारले, "समदी हायत न्हवं जागच्या जागी?"

चारुलताबाईंनी सगळी नावे वाचून दाखवली. प्रत्येक नावाला रंगूबाई मान डोलावत होत्या. एका मामाच्या नावाशी त्या थांबल्या, विचारात पडल्या, आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. जावंनं तसंच सांगितलं हुतं."

नंतर संगणकाला जोडलेल्या त्यांच्या छोट्या छपाईयंत्राची करकर साऱ्या जिन्याने ऐकली. सुभाषरावांनी अखेर आंघोळ केली आणि मजकूर घेऊन ते निघाले. छापखान्यात रिकाम्या हाती जाऊ नये म्हणून चारुलताबाईंनी त्यांच्या खिशात आपट्याची पाने कोंबली. "अगं, मी काम द्यायला चाललोय, सोनं द्यायला नाही," असे ते म्हणाले. पण पाने त्यांनी नेली.

संध्याकाळी जोतीराम स्वतः पत्रिकांचा गठ्ठा घेऊन आले. चारही कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलेली पहिली पत्रिका त्यांनी चारुलताबाईंच्या देवापुढे ठेवली आणि दुसरी त्यांच्या हातात दिली. "वैनी, लग्नाला सायबांस्नी घिऊन यायचं. आन ह्या मशिनीला बी घिऊन आला तरी आमचं काय म्हननं न्हाई."

"गाडी रिकामीच जाणार का तुमची?" चारुलताबाईंनी विचारले.

"रिकामी कशानं? आमी पाच जन हाय की."

तरीही गाडीसाठी त्यांनी एक नारळ दिलाच.

रविवारी अभिराम पुण्याहून आला. फोनवर सर्व हकिकत कळलेली असल्यामुळे तो आल्यापासून आईकडे पाहून हसत होता. "आई, आता नियम एकच. बंद करताना ती फट रिकामी ठेवायची."

"सणावारी सुद्धा?"

"सणावारी सुद्धा."

चारुलताबाईंनी ती कोरी फ्लॉपी उचलून जपून ठेवून दिली. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा संगणकाला पुन्हा हार होता. पण या वेळी तो बाजूला सारून बांधलेला होता. त्या फटीत कुंकू लावलेली फ्लॉपी होती, अर्धी आत आणि अर्धी बाहेर, खटका न बसता नुसती टेकवलेली. अभिराम सुट्टीवर आलेला होता. त्याने वाकून ते पाहिले, बटण दाबले, आणि यंत्र एकदा घसा खाकरून व्यवस्थित सुरू झाले.

"आई, हे काय आता?"

"खाऊ दिलाय," चारुलताबाई फराळाची ताटे भरता भरता म्हणाल्या. "पण आज गिळायचा नाही, असं सांगून ठेवलंय."