पाटावरची पेटी

जयवंतचं काम सांगायला गेलं तर दोन ओळींत संपतं. शेजारी खोदकाम निघालं की जुन्या इमारतीत हादरे मोजायची पेटी बसवायची. मुठीएवढी लोखंडी पेटी, पण वरखाली, पुढंमागं, आडवा असा तिन्ही दिशांचा हादरा तिला कळतो. मर्यादा ओलांडली की मोबाइलवर इशारा येतो आणि खोदकाम थांबवावं लागतं. अट एकच, पेटी जमिनीला घट्ट चिकटलेली हवी.

घाटकोपरच्या चाळीला खेटून टॉवरसाठी खडक फोडायला घेतला, तेव्हा त्याने पेटी मुद्दाम कमलकाकीच्या खोलीत, तडा गेलेल्या भिंतीच्या पायथ्याशी चिकटवली. सख्खी काकी, एकटी राहणारी; मुलगी नमिता मुलुंडला. तिला एवढंच म्हणाला, "माझ्या पोटापाण्याची वस्तू आसा, जपून ठेव." आता काकीची काळजी मिटली, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

दसऱ्याला साइट बंद, तरी इशारा आला. तिन्ही दिशांना जबर धक्का. जयवंत श्रीखंड-पुरीच्या ताटावर बसला होता. कुणाचा तरी पाय लागला असेल, म्हणत त्याने मोबाइल उपडा ठेवला. जाऊन बघायला काय धाड भरली होती? पण नाही गेला.

त्यानंतर पेटी गप्पच झाली. आठवडाभराने काकीचा फोन आला. "जयवंता, मांडणीवरची भांडी हलतत रे. नमिताकडे जाव काय मुलुंडाक?"

त्याने मोबाइलवर आकडे पाहिले. सगळं शांत. "काकी, खुशाल रव. पेटीत काय पण नाय."

काकीचा पुतण्यावर भारी विश्वास. ती राहिली. दुसऱ्याच दुपारी भिंत खोलीत कोसळली आणि काकी तिच्याखाली सापडून गेली.

हॉस्पिटलच्या दारात नमिता बसली होती. रडून रडून आवाज बसलेला. "किती जपायची रे आई तुझ्या मशीनला. दसऱ्याला लादीवरून खरवडून काढलं, पुसलं, पाटावर गोधडीची घडी घालून बसवलं, झेंडू वाहिला. परत खाली ठेवलंच नाही. जयवंताची रोजीरोटी, जमिनीवर कशी ठेवू, म्हणायची."

गोधडीवर बसवलेल्या पेटीला हादरा कळणार कुठून?

"पण मशीनने सांगितलं कसं नाही रे?" नमिताने विचारलं.

तो तिच्याशेजारी खाली बसला. मग म्हणाला, "काकीनं विचारलं होतं गं, तुझ्याकडे जाऊ का म्हणून. मी राहा म्हटलं."