फौजिणीची खाट

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे शिवण. पाऊस नुकता उघडला होता, भात कापणीला आलं होतं. अंगणात स्ट्रेचर आडवं टाकलेलं. त्याचं जाड कापड एका दांड्यापाशी उसवलं होतं. बायको समोरचं टोक ताणून धरून बसली होती, बुडाखाली मिलिटरीचा ओव्हरकोट. दाभण माझ्या हातात.

"टाका लांब घालू नका," ती म्हणाली. "माणूस झोपायचा हाय त्याच्यावर. गवताचा भारा नाय."

"मग तूच घाल."

"डोळ्याला दिसत असतं तर तुमच्या हातात दाभण दिलं असतं काय मी?"

जेवायची वेळ झाली होती. शेवटचा टाका मी लांब घातला आणि मोकळा झालो. तिनं त्यावरून बोट फिरवलं, माझ्याकडे बघितलं, आणि भाकरी टाकायला आत गेली.

वाडी तिला फौजीण म्हणायची. आमच्या घरात तीन पिढ्यांत कोणी फौजेत गेलेलं नाही. मी एकदा भरतीला उभा राहिलो होतो, पण छाती भरली नाही. तरी आमच्या घरात पाय टाकला की पलटण उतरलीय असं वाटायचं. महाडच्या बाजारात एक म्हातारा लिलावातला मिलिटरीचा जुना माल ताडपत्रीवर मांडून बसायचा. बूट, बाटल्या, कांबळी, पेट्या. बायका बांगड्यांच्या दुकानात शिरायच्या, आमची ही त्या ताडपत्रीपुढे उकिडवी बसायची. कापड दोन बोटांत धरून ओढायची, बक्कल चावून बघायची. सगळ्यावर तिचं एकच बोलणं, "जे लढाईत टिकलं ते आपल्या पावसात टिकल." आणि टिकायचं. पोलादपूरच्या वरच्या डोंगरात पाऊस कसा पडतो ते मी सांगायला नको.

बंदुकीच्या गोळ्यांची एक लोखंडी पेटी होती. तिच्यात ती नाचणीचं बी ठेवायची. झाकणाला असा खटका की उंदराला काय, मलाही तो उघडायचा नाही. पूर्वी आम्ही बी कणगीत ठेवायचो आणि निम्मं उंदरांना जायचं. पेटी आली त्या वर्षी उंदरांनी माझी टोपी खाल्ली. ती म्हणाली, "खाऊ दे. टोपी पेरायची नसते."

ओव्हरकोट तर तिची दुसरी कातडी. नऊवारीवर तो घोट्यापर्यंत लोंबायचा. पहिल्यांदा घालून ती विहिरीवर गेली तेव्हा कुत्री दोन दिवस भुंकत होती. उजव्या खिशात विळा, डाव्या खिशात मशेरीची डबी. एकदा पाय मोडलेलं कोंबडीचं पिल्लू आठ दिवस त्या डाव्या खिशात वाढलं. ती गोठ्यात वाकली की खिशातून चिवचिव यायची. आमचा गावकर, म्हणजे वाडीचा पुढारी, उंचीला ठेंगणा पण आवाजाला मोठा. तो लांबून ओरडायचा, "वैनी, ह्याचीबी भरती केली काय?" ती म्हणायची, "केली. त्याची छाती भरली. आमच्या ह्यांची नाय भरली."

अशी बाई एकदाच फसली. माझी कंबर तेव्हा धरली होती, जमिनीवरून उठताना मी ओरडायचो. ते ऐकून ती महाडला गेली आणि घडीची खाट घेऊन आली. दोन लांब दांडे, त्यांच्याभोवती गुंडाळलेलं हिरवं जाड कापड. एसटी घाटाखाली सोडते, तिथून वाडी दोन तासांची चढण. एवढं ओझं तिनं खांद्यावरून एकटीनं वर आणलं. माणसं जमली. तिनं ऐटीत घडी उघडली तर खाट वीतभर उंच. मी म्हटलं, "गो, ही खाट हाय का पाट?"

वाडीत एक पेन्शनीत आलेले सुभेदार होते. ते हसले नाहीत. म्हणाले, "वैनी, ही खाट नाय. स्ट्रेचर हाय. जखमी जवान न्यायचं. मेलेलंबी ह्याच्यावरच यायचं."

कापडावर मधोमध एक तपकिरी डाग होता. तो तेलाचा की कशाचा, देवाला ठाऊक. बायकांनी तोंडाला पदर लावले. मी सगळ्यांदेखत तिला म्हटलं, "मढ्याची वस्तू घरात आणलीस. उचल आणि टाकून दे." मी असाच बोलतो. पुढे त्या बोलण्याची मला लाज वाटली, पण त्या दिवशी बोललो ते बोललो.

भर दुपारी, अख्ख्या वाडीसमोर, ती त्या स्ट्रेचरवर उताणी झोपली आणि तोंडावर पदर ओढला. आम्हाला वाटलं आता उठेल, मग उठेल. घोरायला लागली! तासाभरानं उठली, केस बांधले आणि म्हणाली, "उठले का नाय? मग?"

बायकांनी तोंडावरचे पदर काढले आणि आपापल्या घरी गेल्या.

आता वाडीपर्यंत गाडी येते. तेव्हा माणूस आजारी पडला की घोंगडीची डोली करायची. बांबूला घोंगडी बांधायची, माणूस तिच्यात मुटकुळं करून घालायचा आणि डोंगर उतरायचा. खाली पोचेपर्यंत अर्धा जीव डोलीतच जायचा. त्याच श्रावणात गावकराची सून अडली. डोली बांधायची तयारी चालली होती. ही स्ट्रेचर घेऊन त्यांच्या अंगणात उभी राहिली. गावकर म्हणाला, "वैनी, त्याच्यावर नको." ती म्हणाली, "मी झोपून उठलेय त्याच्यावर. तुमची सून काय माझ्यापेक्षा वजनदार हाय?" आणि कोट घालून, विळ्यानं वाटेवरची झुडपं तोडत ती पुढे चालली. चौघे उचलायला, चौघे बदलीला, मी बदलीत. ओढ्याच्या पाण्यात स्ट्रेचर खांद्यावर घेतलं. पोर पोलादपूरला पोचल्यावर झालं, मुलगी. माय-लेक दोघी चालत वर आल्या, म्हणजे माय चालत आली.

तेव्हापासून ते स्ट्रेचर वाडीचं झालं, पण हुकूम हिचा. आमच्या पडवीत दोन खुंट्यांवर ते असायचं. कोणाला नेऊन आणलं की राखेनं धुवायचं, उन्हात वाळवायचं, बिजागरीत तेल सोडायचं. एरवी त्यावर नाचणीचे पापड आणि सुकट वाळायची. मी कुरकुर केली तर म्हणायची, "ठेवलेली वस्तू कुजते, वापरलेली झिजते. झिजलेली बरी." साप चावलेले, तापानं फणफणलेले, झाडावरून पडलेले, किती गेले त्यावरून. सगळेच वाचले असं मी म्हणणार नाही. पण ती होती तोवर वाटेत एकही गेला नाही.

आणि एक कायदा तिनं केला होता. गेलेलं माणूस त्यावर चढवायचं नाही. गावकराचा बाप महाडच्या दवाखान्यात वारला, तेव्हा त्या कायद्याची कसोटी लागली. दिवस पावसाचे, तरणी पोरं सगळी मुंबईला. खालून वर मयत आणायचं तर तिरडीपेक्षा स्ट्रेचर सोयीचं. गावकर मागायला आला. ही खुंट्यांसमोर उभी राहिली.

"अप्पा मला बापासारखे," ती म्हणाली. "पण गेलेल्याला काय घाई? त्याला बांबू हाय. हे ज्याला परत यायचं हाय त्याचं. आज तुमी ह्याच्यावरनं मढं आणलंत, तर उद्या तुमची सून झोपल काय ह्याच्यावर?"

"वैनी, बाप हाय माझा!"

"म्हणून तर रडत्येय. पण देणार नाय."

खरंच रडत होती. दिलं मात्र नाही. त्यांनी पावसात बांबू तोडले. वर्षभर गावकर आमच्या दारावरून मान वळवून जायचा. मग शेतात जाळायला कवळ, म्हणजे झाडाच्या फांद्या, तोडताना तो झाडावरून पडला आणि पाय मोडून बसला. माणसं आम्हाला बोलवायला निघायच्या आत ही स्ट्रेचर घेऊन हजर. त्यानं दुखत असतानाही तोंड फिरवलं. ती म्हणाली, "तोंड फिरवा हवं तेवढं. पाय तेवढा फिरवू नका." अख्खी वाट तो विव्हळत होता आणि मधेच हसत होता.

टाके घातले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोठ्यातून आली आणि पडवीत बसली. छातीवर हात. घामानं चिंब. म्हणाली, "काढा ते खाली." काय काढायचं ते मला सांगावं लागलं नाही. पाच माणसं मिळाली, त्यांत लंगडणारा गावकर. त्या दिवशी मी बदलीला थांबलो नाही, पहिल्यापासून दांडा धरला. तिच्यावर ओव्हरकोट घातला होता. अर्ध्या वाटेवर तिनं डोळे उघडले.

"तो टाका तुमचाच ना?" ती म्हणाली. "पाठीला टोचतोय."

मी म्हटलं, "परत आल्यावर उसवतो."

"आखूड घाला," ती म्हणाली.

विसाव्याचा दगड लागतो तिथे आम्ही स्ट्रेचर टेकवलं आणि मला कळलं. कोणी सांगायची गरज नव्हती. कोट हलत नव्हता.

मग गावकर म्हणाला, "वैनी ह्याच्यावरच हाय. तशीच वर नेऊ. आता कोण काय बोलणार नाय."

त्यानं मन मोठं करून म्हटलं होतं. मला ते कळत होतं. पण मी म्हटलं, "गावकर, तुझ्या बापाला नाय दिलं. तिलाबी नाय."

त्यानं कोयता उचलला आणि लंगडत स्वतः बांबू तोडायला गेला. तोपर्यंत आम्ही तिला खाली कोटावर घेतलं, डोकं माझ्या मांडीवर. ती बांबूवरून वर आली, वाडीतल्या सगळ्यांसारखी. मी मागून स्ट्रेचर गुंडाळून खांद्यावर घेऊन चाललो. खांदा द्यायचा सोडून हा ओझं वाहतो म्हणून कोणाला वाटलं असेल, वाटू दे. शेवटची चढण मी खांदा दिला, तेव्हा स्ट्रेचर दुसऱ्याकडे दिलं आणि सांगितलं, जमिनीला टेकवू नको.

दुपार कलताना अग्नी दिला. अंघोळी करून माणसं पडवीत टेकली आणि कुजबूज सुरू झाली. त्याच्यावर जीव गेला. आता कोण झोपणार त्याच्यावर? उद्या नदीत सोडून या. मी सगळं ऐकलं. एवढ्या वर्षांचं तिचं काम एका दिवसात नदीत जाणार होतं. पुढच्या अडलेल्या बाईसाठी पुन्हा घोंगडी. भांडायला माझ्यात जोर नव्हता. गावकर खाली मान घालून बसला होता. तो ना हो म्हणाला ना नाही.

सकाळी विहिरीवर वर्दळ सुरू झाली तेव्हा मी स्ट्रेचर राखेनं धुतलं आणि अंगणाच्या मधोमध उघडलं. ओलंच होतं. बाया हंडे घेऊन थांबल्या. सुतकातला म्हातारा काय करतोय म्हणून बाप्येही आले. मी त्यांच्यासमोर त्यावर उताणा झोपलो. पाठ गार पडली. उजव्या अंगाला, दांड्यापाशी, तो टाका टोचला. बाई खरं बोलत होती, लांबच होता. घोरण्याइतकी झोप मला कुठली येणार? पण ऊन तोंडावर येईपर्यंत मी पडून राहिलो, सगळ्यांचं बघून होईपर्यंत. मग कंबरेवर हात देऊन उठलो.

"उठलो का नाय?" मी म्हटलं. "मग?"

मी आत जाऊन दाभण आणि सुतळी आणली आणि तो टाका उसवला. पण कापड ताणून धरायला समोर माणूस लागतं. मी तसाच थांबलो. तेवढ्यात गावकर लंगडत पुढे आला, अधू पाय लांब करून माझ्यासमोर जमिनीवर बसला आणि त्यानं दुसरं टोक दोन्ही हातांनी धरलं.

"आखूड घाल," तो म्हणाला.